संमिश्र अध्यापनातील मिश्रणाचा प्रश्न

शिक्षणशास्त्रात एखादी संज्ञा रूढ झाली की तिच्यातील सोपा भाग तेवढा लोकांच्या तोंडी राहतो आणि अवघड भाग विस्मृतीत जातो. ‘संमिश्र अध्ययन’ या संज्ञेचे असेच झाले आहे. वर्गातील समोरासमोरचे अध्यापन आणि डिजिटल साधनांच्या साहाय्याने विद्यार्थ्याने स्वतःच्या गतीने केलेले अध्ययन यांची हेतुपूर्वक केलेली जुळणी, असा तिचा अर्थ सामान्यतः सांगितला जातो. या व्याख्येत साधन हे एक अंग आहे आणि जुळणी हे दुसरे. माध्यमिक शिक्षकांनी ही पद्धती आत्मसात करावी म्हणून गेल्या काही वर्षांत त्यांना जे साहाय्य देण्यात आले, त्याचे स्वरूप पाहता साधनाविषयी पुष्कळ आणि जुळणीविषयी अत्यल्प सांगितले गेले, असे म्हणावे लागते. त्या साहाय्याची चिकित्सा करणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रतिपाद्य थोडक्यात असे. संमिश्र अध्यापन हा मूलतः पाठनियोजनाचा निर्णय आहे. पाठाचा कोणता अंश वर्गाबाहेर न्यावयाचा, आणि त्यामुळे वर्गात जो वेळ मोकळा होईल त्याचे काय करावयाचे, हे दोन प्रश्न त्या निर्णयाच्या मुळाशी असतात. त्यांची उत्तरे विषयागणिक, किंबहुना घटकागणिक बदलतात. म्हणून हा निर्णय घेण्याचे सामर्थ्य विषयाच्या अंगाने, शाळेच्या आवारातच आणि शिक्षकाला पुरेसा वेळ देऊनच वाढवावे लागेल.

१

प्रथम धोरणाकडे पाहू. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने डिजिटल शिक्षणाचा पुरस्कार करतानाच प्रत्यक्ष समोरासमोरच्या अध्ययनाचे महत्त्व पूर्णपणे मान्य केले आहे, आणि वेगवेगळ्या विषयांसाठी संमिश्र अध्ययनाची वेगवेगळी प्रतिमाने शोधली जावीत असे म्हटले आहे. ही भूमिका निःसंशय समंजस आहे. परंतु धोरण अंमलात येऊ लागले की विवेचनाची जागा प्रमाण घेते. मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणासाठी जो संकल्पना-मसुदा प्रसृत केला, त्यात प्रत्येक अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन आणि उरलेला प्रत्यक्ष शिकवावा असे सुचविले होते. हा मसुदा शाळांसाठी नव्हता, हे खरे. तथापि त्यातून दिसणारी विचारपद्धती शाळांनाही अपरिचित नाही. टक्केवारीने किती हे कळते, कोणते हे कळत नाही. बीजगणितातील कोणता भाग मुलाने घरी चित्रफितीवरून समजून घ्यावा आणि कोणता शिक्षकाच्या देखरेखीखाली वहीत सोडवावा, याचा निर्णय आयोगाच्या मसुद्यात होऊ शकत नाही. तो शिक्षकाच्या टाचणातच व्हावा लागतो.

२

हा प्रश्न नवा आहे अशी समजूत करून घेणे सोयीचे असले तरी इतिहासाला धरून नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात आपल्या देशात उपग्रहाद्वारे दूरदर्शन-शिक्षणाचा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत तो पोचला. त्या प्रयोगात सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान अध्यापनाचे प्रशिक्षण देण्यात आले. केवळ पडद्यासमोर बसवून हे प्रशिक्षण उरकलेले नव्हते. दूरदर्शनच्या पाठांना नभोवाणीची, छापील साहित्याची आणि प्रत्यक्ष कृतींची जोड दिलेली होती. आजच्या परिभाषेत ते संमिश्र प्रशिक्षणच होते. पुढे १९८४ साली शाळांत संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू झाला आणि बीबीसी सूक्ष्मसंगणक निवडक शाळांत आले. २००४ मध्ये शैक्षणिक कार्यासाठी स्वतंत्र उपग्रह अवकाशात गेला. त्याच वर्षी माध्यमिक शाळांत संगणक कक्ष उभारण्याची केंद्रीय योजना आली.

या मालिकेत एक गोष्ट पुनःपुन्हा घडलेली दिसते. साधन शाळेत आधी येते. ते कोणत्या अध्यापकीय अडचणीवर उपाय म्हणून आले, हा प्रश्न नंतर विचारला जातो, किंवा विचारलाच जात नाही. अनेक शाळांत संगणक हा एक स्वतंत्र विषय होऊन बसला. त्याला स्वतंत्र तासिका आणि स्वतंत्र शिक्षक मिळाला, आणि शेजारच्या वर्गात चाललेल्या गणिताच्या किंवा भूगोलाच्या तासाशी त्याचा संबंध उरला नाही.

यावरून शिक्षकच नव्या साधनांना विरोध करतात असा निष्कर्ष काढण्याची प्रथा आहे. अमेरिकेतील लॅरी क्यूबन यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात १९२० नंतर तेथील शाळांत आलेल्या चित्रपट, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी या साधनांचा मागोवा घेऊन या प्रथेला चांगला छेद दिला आहे. खडू-फळा आणि पाठ्यपुस्तक यांना शिक्षक चिकटून राहतात, कारण ही साधने भरलेल्या वर्गात, अपुऱ्या वेळात, कोणाच्याही मदतीवाचून हमखास कामास येतात. नव्या साधनाने शिक्षकाची एखादी खरी अडचण दूर केली तर शिक्षक ते स्वीकारतात. नकाराचे मूळ स्वभावात न शोधता कामाच्या परिस्थितीत शोधावे, हा त्यातील बोध आजही उपयोगी आहे.

३

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर साधनांचा पुरवठा कमी झाला असे म्हणता येणार नाही. ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. पुढच्याच वर्षी बदललेल्या इयत्ता दहावीच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापले गेले, आणि पाठाशी संबंधित दृक्-श्राव्य साहित्य त्यांद्वारे मोबाईलवर उपलब्ध झाले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने रोजचा अभ्यास मोबाईलवरून पाठविला जाऊ लागला. २०२१ मध्ये ‘निष्ठा’ या राष्ट्रीय प्रशिक्षणक्रमाचा माध्यमिक शिक्षकांसाठीचा टप्पा ऑनलाइन सुरू झाला. त्या काळात शिक्षकांनी अंगावर घेतलेले कष्ट नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र तेव्हा जे घडले ते आपत्कालीन दूरस्थ अध्यापन होते; त्यात वर्ग नव्हताच, म्हणून मिश्रणही नव्हते. आपत्काळातील सवयींना संमिश्र अध्यापन समजण्याची चूक पुढे सर्रास झाली. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर चित्रफीत पाठविणे आणि दुसऱ्या दिवशी तोच पाठ वर्गात पहिल्यापासून शिकविणे, याला दोन अध्यापने शेजारी शेजारी ठेवणे म्हणता येईल. मिश्रण म्हणता येणार नाही.

प्रशिक्षणाच्या रचनेतही हाच दोष उतरला. ऑनलाइन प्रशिक्षणक्रमाचे गुण उघड आहेत. तो थोड्या काळात लाखो शिक्षकांपर्यंत जातो, सर्वांना एकच परिभाषा देतो, आणि तालुक्याच्या ठिकाणी हेलपाटे घालण्याचे वाचवितो. परंतु एकच घटक मराठीच्या, गणिताच्या आणि शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकासाठी लिहावयाचा म्हटला की त्यातून विषय गळून पडतो आणि साधन शिल्लक राहते. मग प्रश्नावली कशी तयार करावी, चित्रफीत कशी ध्वनिमुद्रित करावी, उपस्थिती कशी नोंदवावी, हे शिकविले जाते. कोणता प्रश्न विचारण्याजोगा आहे, हे कोणी शिकवीत नाही. त्यातच महाराष्ट्रात १२ वर्षांच्या सेवेनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतरची निवडश्रेणी यांच्यासाठी प्रशिक्षणाची अट आहे. अट अयोग्य नाही; परंतु ज्या व्यवस्थेत प्रशिक्षणाचे दृश्य फळ प्रमाणपत्र हेच असते, तेथे पूर्ण झालेल्या घटकांची गणना होते आणि बदललेल्या पाठांची होत नाही.

४

बदललेला पाठ इतका महत्त्वाचा का, याचे उत्तर संशोधनात मिळते. गुजरातमध्ये एका संस्थेच्या प्राथमिक शाळांत गणिताच्या संगणक-साहाय्यित अध्ययनाची परीक्षा घेऊन ली लिंडन यांनी २००८ साली जे निष्कर्ष मांडले, ते या संदर्भात फार बोलके आहेत. हाच कार्यक्रम नेहमीच्या अध्यापनाच्या जागी वापरला तेव्हा विद्यार्थ्यांचे गुण ०.५७ प्रमाण विचलनाने घटले, आणि शाळेच्या वेळेनंतर पूरक म्हणून वापरला तेव्हा ते ०.२८ ने वाढले. आज्ञावली तीच, मुले त्याच प्रकारची. फरक पडला तो कशाच्या जागी काय ठेवले याने.

दुसरा अभ्यास कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांचा. दिल्लीतील सहावी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी चालविलेल्या शाळाबाह्य केंद्रांचा हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाइतकी अधिक प्रगती दिसून आली. या केंद्रांत नव्वद मिनिटांपैकी निम्मा वेळ मुले संगणकावर स्वतःच्या पातळीचे प्रश्न सोडवीत आणि निम्मा वेळ लहान गटात साहाय्यक शिक्षकाबरोबर काम करीत. पातळीनुसार प्रश्न निवडण्याचे काम यंत्राकडे आणि गटातील मार्गदर्शन माणसाकडे, अशी वाटणी येथे होती. हा कार्यक्रम शाळेच्या वेळेबाहेरचा होता हेही विसरता कामा नये.

अमेरिकेच्या शिक्षण विभागाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकलित विश्लेषणातही संमिश्र पद्धती केवळ वर्गाध्यापनापेक्षा सरस ठरली. परंतु अशा वर्गांना बहुधा अधिक वेळ आणि अधिक साहित्य मिळालेले होते, आणि शालेय विद्यार्थ्यांवरील अभ्यास फारच थोडे होते, असा इशारा लेखकांनीच दिला आहे. संमिश्र पद्धतीच्या समर्थनार्थ हा अहवाल उद्धृत करणारे बहुतेकजण इशारा गाळतात. या सर्व पुराव्याचा एकत्र विचार केला तर साधनाला स्वतःचा असा निश्चित गुण नाही, तो जुळणीतून येतो, हेच अनुमान निघते.

५

ही जुळणी विषयाच्या ज्ञानाशिवाय कशी अशक्य आहे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. इयत्ता दहावीच्या विज्ञानात भिंगांचा घटक आहे. बहिर्वक्र भिंगाने मिळणारी प्रतिमा किरणाकृतीने दाखविण्यासाठी दोन-तीन विशिष्ट किरण काढतात. या घटकावर चित्रफिती विपुल आहेत, आणि हलत्या रेषांमुळे त्या आकर्षकही असतात. आता विद्यार्थ्याला विचारावे की भिंगाचा वरचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला तर पडद्यावरील मेणबत्तीच्या प्रतिमेचे काय होईल. पुष्कळ विद्यार्थी, अर्धी प्रतिमा नाहीशी होईल, असे उत्तर देतात. गोल्डबर्ग आणि मॅक्डरमॉट यांनी १९८७ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांतही हाच गैरसमज आढळल्याचे नोंदविले. वास्तविक प्रतिमा पूर्ण राहते, फक्त अंधुक होते. कारण वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून निघणारे असंख्य किरण भिंगाच्या प्रत्येक भागातून जाऊन प्रतिमेच्या बिंदूशी एकत्र येतात.

आता संमिश्र पाठाचा विचार करू. दोन-तीन किरणांची चित्रफीत घरी पाहण्यास दिली तर प्रतिमा त्या तेवढ्या किरणांचीच बनते, हा गैरसमज ती दृढ करण्याचा संभव आहे. साधन निर्दोष असून परिणाम सदोष होतो तो असा. विषय जाणणारा शिक्षक किरणाकृती काढण्याचे नियम आणि सराव घराकडे सोपवील. अर्धे भिंग झाकण्याचा प्रश्न आदल्या दिवशी विचारून प्रत्येकाचे उत्तर लिहून घेईल. मग वर्गात भिंग, मेणबत्ती आणि पुठ्ठा घेऊन तो प्रयोग स्वतः दाखवील. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या संचातील प्रकाशविषयक प्रतिरूपात थोड्या किरणांऐवजी पुष्कळ किरण दाखविण्याची सोय आहे. तिचा उपयोग तो प्रयोगानंतर, स्पष्टीकरणासाठी करील. घर, वर्ग आणि पडदा या तिघांना येथे वेगवेगळी कामे मिळाली, आणि ती कोणी दिली तर विद्यार्थ्यांचा गैरसमज कोठे दडलेला असतो हे ठाऊक असलेल्या शिक्षकाने.

ली शुलमन यांनी १९८६ साली आशय आणि अध्यापन यांच्या संयोगातून होणाऱ्या ज्या ज्ञानाकडे लक्ष वेधले, आणि पुण्य मिश्र व मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये ज्याला तंत्रज्ञानाची तिसरी बाजू जोडली, ते हेच ज्ञान होय. महाराष्ट्रातील बी.एड. अभ्यासक्रमांना ही कल्पना परकी नाही. ‘आशययुक्त अध्यापन पद्धती’ हा विषय आपल्याकडे अनेक वर्षे शिकविला गेला आहे. डिजिटल प्रशिक्षण आखताना मात्र आपण आपलाच हा वारसा बाजूला ठेवला.

या उदाहरणात घराकडे सोपविलेल्या भागाची आणखी एक बाजू आहे. ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाविषयीच्या ‘असर’ २०२३ अहवालानुसार जवळजवळ ९० टक्के घरांत स्मार्टफोन होता. परंतु तो वापरता येणाऱ्यांपैकी ४३.७ टक्के मुलग्यांकडे आणि केवळ १९.८ टक्के मुलींकडे तो स्वतःचा होता. घरात मोबाईल असणे आणि संध्याकाळी अभ्यासासाठी तो हाती येणे यांत अंतर आहे, आणि ते मुलींच्या बाबतीत अधिक आहे. म्हणून घरी द्यावयाचा डिजिटल भाग असा असावा की तो न पाहिलेल्या मुलीलाही दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगात बरोबरीने भाग घेता यावा. किंवा तो भाग शाळेच्या संगणक कक्षातच व्हावा. ही दक्षता नियोजनात नसेल तर संमिश्र अध्यापन वर्गातील विषमतेत नवी भर घालील.

६

विषयाच्या अंगाने साहाय्य देण्याचा प्रयत्न झालाच नाही असे मात्र नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्था आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या सहकार्याने राबविलेला ‘क्लिक्स’ हा उपक्रम यासाठी अभ्यासनीय आहे. छत्तीसगड, मिझोराम, राजस्थान आणि तेलंगण येथील शासकीय माध्यमिक शाळांत तो चालला, आणि त्याला २०१७ सालचा युनेस्कोचा किंग हमद बिन इसा अल-खलिफा पुरस्कार मिळाला. त्यातील साहित्य इंग्रजी, गणित, विज्ञान अशा विषयांनुसार बांधलेले होते. चौकोनांच्या गुणधर्मांवरून ‘चोर’ चौकोन शोधून काढण्याचा भूमितीचा खेळ हा त्याचा एक नमुना. इंटरनेटवर विसंबून न राहता शाळेतील स्थानिक सर्व्हरवर ते चालावे अशी योजना होती. शिक्षकांसाठी चिंतनशील अध्यापनाचा पदव्युत्तर प्रमाणपत्रक्रम होता, आणि मोबाईलवरील गटांतून विषयशिक्षक परस्परांशी बोलत राहतील अशी तजवीज होती.

या रचनेत तीन गोष्टी योग्य जागी आहेत: विषय, स्थानिक परिस्थिती आणि दीर्घ सहवास. तरीही एक मर्यादा अशा प्रत्येक प्रकल्पाला असतेच. प्रकल्प शाळेत बाहेरून येतो, त्याला मुदत असते. वेळापत्रक मात्र शाळेचे असते. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत मुलांना कक्षापर्यंत नेणे, यंत्रे सुरू करणे आणि परत आणणे यांतच बराच काळ जातो. सलग दोन तासिका देणे मुख्याध्यापकांच्या हातात असते. तेव्हा साहाय्य केवळ शिक्षकाला देऊन भागत नाही. वेळापत्रकालाही ते द्यावे लागते.

७

मग साहाय्याचे स्वरूप कसे असावे? क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन यांनी २०१८ मध्ये ६० अभ्यासांचे संकलित विश्लेषण करून, वर्गात येऊन व्यक्तिगत मार्गदर्शन करण्याच्या पद्धतीमुळे अध्यापनात ०.४९ आणि विद्यार्थ्यांच्या संपादनात ०.१८ प्रमाण विचलनाइतकी सुधारणा होते असे दाखविले. शिक्षकांची संख्या वाढली की हा परिणाम घटतो, हेही त्यांनी नोंदविले आहे. म्हणून राज्यव्यापी मार्गदर्शक-दल उभारण्याची कल्पना सावधपणेच पाहावी लागेल. त्यापेक्षा लहान प्रमाणावरचा मार्ग अधिक टिकाऊ दिसतो. जवळपासच्या चार-पाच शाळांतील एकाच विषयाच्या शिक्षकांनी एका सत्रात एकच घटक निवडावा. त्यातील विद्यार्थ्यांच्या अडचणी प्रथम लिहून काढाव्यात, साधनाची निवड त्यानंतर करावी. एकाने पाठ घ्यावा, इतरांनी पाहावा, टाचण सुधारावे आणि दुसऱ्या शाळेत तोच पाठ पुन्हा घ्यावा. यासाठी लागणाऱ्या तासिका शालेय कामाचा भाग म्हणून धरल्या जाव्यात, आणि वेतनश्रेणीच्या प्रशिक्षणात अशा सुधारलेल्या टाचणांना स्थान मिळावे. यात खर्च फारसा नाही. मात्र अशैक्षणिक माहिती भरण्यात जाणारा शिक्षकाचा वेळ परत मिळविण्याची इच्छाशक्ती त्याला लागेल.

शेवटी आपल्या विभागांतील संशोधनाविषयी. एखाद्या घटकावर डिजिटल कार्यक्रम तयार करावयाचा, एका तुकडीला तो द्यावयाचा, दुसरीला नेहमीप्रमाणे शिकवावयाचे, आणि पूर्वचाचणी व उत्तरचाचणीतील फरकावरून परिणामकारकता सिद्ध झाली असे म्हणावयाचे, असा एक साचा आपल्या पदव्युत्तर प्रबंधांत घट्ट बसला आहे. प्रायोगिक गटाला वेळ अधिक मिळाला, संशोधकाची आस्था अधिक मिळाली, आणि कार्यक्रम दोन आठवड्यांत संपला, या गोष्टी निष्कर्षांच्या प्रकरणात क्वचितच येतात. दुसरा साचा शिक्षकांच्या अभिवृत्तीची मापनश्रेणी भरून घेण्याचा. तिच्यावरून शिक्षकाला काय आवडते हे कळते, तो काय करतो हे कळत नाही. या दोन्ही साच्यांतून बाहेर पडून एखाद्या विद्यार्थ्याने एकाच शिक्षकाची वर्षभराची टाचणे अभ्यासली, कोणता भाग त्याने वर्गाबाहेर नेला, कोणता परत आणला आणि का, याची नोंद ठेवली, तर ते संशोधन आकाराने लहान असूनही मोलाचे होईल. संमिश्र अध्यापनाचा खरा निर्णय ज्या कागदावर घेतला जातो, तो कागद आपण अद्याप नीट वाचलेला नाही. प्रशिक्षणाची पुढील योजना आखण्यापूर्वी ते वाचन होणे आवश्यक आहे.